पाळीची तारीख की पहिली सोनोग्राफी?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, असा अंदाज आहे. अंदाजच, कारण गरोदरपणाचे दिवस मोजण्यातच गल्लत होते.

"शेवटची पाळी कधी आली होती?" आशाताई विचारते. "पोळ्याच्या आदल्या दिवशी," असं उत्तर आलं तर सोन्याहून पिवळं. कॅलेंडर उघडलं की तारीख हाती. पण "श्रावणात कधीतरी" म्हटलं, की नोंदवहीत १ किंवा १५ तारीख पडते. आधीचं बाळ अंगावर पीत असतानाच दिवस राहिले, तर मोजायला पाळीच नसते. आणि ३६ आठवडे ५ दिवसांचं बाळ 'पूर्ण दिवसांचं' ठरायला दोनच दिवसांची चूक पुरते!

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. चूक साधारण आठवड्याच्या आत राहते. आठव्या महिन्यात केली तर मात्र तीन आठवडेही इकडेतिकडे होतात, आणि वाढ खुंटलेलं बाळ कमी दिवसांचं वाटतं.

माझा कौल लवकरच्या सोनोग्राफीलाच. जागतिक आरोग्य संघटनाही २४ आठवड्यांच्या आत एकदा ती करायला सांगते. पण मेळघाटातल्या पाड्यावरून मशीनपर्यंत पोचणं सोपं नाही. तिथे सणावरून काढलेली तारीख टाकून देऊ नये. फक्त दिवस कशावरून ठरवले, याचा एक रकाना नोंदवहीत हवाच.