कम्युनिटी कॉलेजची प्रोग्रॅमिंग पदवी: दोन वर्षांत थांबायचं की पुढे जायचं?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) राज्याच्या रहिवाशाला एक युनिट, म्हणजे अभ्यासाचं एक क्रेडिट, ४६ डॉलरला पडतं. तिथल्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिटं लागतात, म्हणजे अख्ख्या पदवीची फी २,७६० डॉलर. आकडा मोहात पाडणारा आहे. पण या एकाच पैशात दोन अगदी वेगळ्या पदव्या मिळतात, आणि निवड पहिल्या सेमिस्टरआधीच करावी लागते.

एक पदवी थेट नोकरीसाठी असते. टेक्सास, न्यू जर्सीसारख्या राज्यांत तिला एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) म्हणतात. तिच्यात जावा किंवा पायथन, एसक्यूएल, वेब असं हाताला काम देणारं शिकवतात, गणित बेताचंच. दुसरी चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली घेण्यासाठी असते. तिच्यात कॅल्क्युलसचे दोन भाग, डिस्क्रीट मॅथ, डेटा स्ट्रक्चर्स आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्सही. पहिलीतले बरेच कोर्स दुसरीकडे धरले जात नाहीत. ‘आधी सोपी करू, मग बघू’ म्हणणारा विद्यार्थी इथेच वर्ष घालवतो.

मिळकतीकडे बघा. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार सॉफ्टवेअर डेव्हलपरचा वर्षाचा मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) १,३३,०८० डॉलर, तर मुख्यतः कोड लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचा ९८,६७०. प्रोग्रॅमरच्या नोकऱ्या २०३४ पर्यंत घटतील, डेव्हलपरच्या वाढतील, असा याच विभागाचा अंदाज आहे. आणि दोन्ही कामांना सहसा चार वर्षांची पदवी लागते, असंही तो नोंदवतो. दोन वर्षांच्या पदवीला सहज उघडणारं दार बहुधा हेल्पडेस्क आणि सपोर्टचं. तिथला मध्यक पगार ६० हजार डॉलरच्या आसपास आहे. घरची निकड असेल तर ते काम चांगलंच आहे, पण त्याला डेव्हलपरची नोकरी समजून फी भरू नये.

खरा फायदा बदलीच्या वाटेत आहे. कॅल स्टेट या राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठाची २०२५-२६ ची मूळ फी वर्षाला ६,४५० डॉलर. चारही वर्षं तिथेच काढली तर २५,८००. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि दोन तिथे, तर १५,६६०. म्हणजे १०,१४० डॉलर वाचले. पुस्तकं, राहणं आणि कॅम्पसच्या इतर फिया यात धरलेल्या नाहीत. पण ‘दोन’ची तीन वर्षं झाली, तर नोकरी वर्षभर लांबते आणि वाचलेल्या रकमेच्या कितीतरी पट पगार हातचा जातो.

तीन वर्षं होतात ती साखळीमुळे. कॅल्क्युलस १ शिवाय २ नाही, पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सशिवाय डेटा स्ट्रक्चर्स नाही, आणि लहान कॉलेजात हा कोर्स प्रत्येक सेमिस्टरला असेलच असं नाही. म्हणून इतिहास-इंग्रजी मागे ठेवा, गणित आणि प्रोग्रॅमिंग पहिल्याच सेमिस्टरला उचला. मध्येच कोर्स सोडला आणि निकालपत्रावर डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा) आला, तर तोही एक प्रयत्न धरला जातो. कॅलिफोर्नियात एका कोर्सला सहसा तीनच प्रयत्न मिळतात.

प्रवेशाआधी असिस्ट डॉट ऑर्ग ही कोर्सची जुळणी दाखवणारी वेबसाइट उघडा. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि विषय निवडला की दोन रकाने समोर येतात. एकीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, दुसरीकडे त्याच्या तोडीचा कॉलेजातला. जिथे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसेल, तो कोर्स त्या कॉलेजात भरून निघत नाही. अशा ओळी दोन-तीन निघाल्या, तर शेजारचं कॉलेज तपासा. यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पस बदलीची हमी देतात, पण कॉम्प्युटर सायन्सला काही कॅम्पस ती लागू करत नाहीत. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देतच नाहीत.

महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचं गणित पूर्ण निराळं. त्यांना ४६ डॉलरचा दर नाही, एका युनिटला काहीशे डॉलर मोजावे लागतात. असोसिएट पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळू शकते, पण पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) मुदतवाढ निदान बॅचलर पदवीवरच मिळते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसालाही बॅचलर किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. त्यांनी दोन वर्षांवर थांबायचा विचार करूच नये.

आणि पुण्या-नागपुरात बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करून एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्यांनी? तुमच्याकडे बॅचलर आहेच. नवी असोसिएट पदवी पगारात फारशी भर घालणार नाही, आणि बॅचलर पदवी, भारतातली का असेना, हाती असली की पेल ग्रँट (अमेरिकी सरकारची शिक्षणासाठीची मदत) मिळत नाही. भारतीय पदवीचं मूल्यांकन करून घ्या आणि निवडक कोर्स करा: प्रोग्रॅमिंगचे दोन, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, डिस्क्रीट मॅथ. राज्यात वर्षभराहून जास्त राहिल्याचे पुरावे दाखवले तर रहिवाशाचा दर लागू शकतो. मग प्रत्येकी चार युनिटं धरून पाच कोर्सची फी होते ९२० डॉलर.