ट्युनिशिया, इजिप्त की इंडोनेशिया? डेझर्टेशनला कुठली केस घ्यायची

भाचीचं एमएचं शेवटचं वर्ष चालू आहे. डेझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचा, विषय ठरलाय, मुस्लिमबहुल देशांत लोकशाही सुधारणा होताना बाहेरच्या देशांची डिप्लोमसी कितपत कामाला आली, पण केस कुठली घ्यायची यावर महिनाभर घोडं अडलंय. तिला जे सांगितलं तेच जरा वाढवून लिहितोय, कारण हा घोळ तिच्या एकटीचा नसणार, यूपीएससी-एमपीएससीवाल्यांनाही उत्तरात एक तरी धड उदाहरण लागतंच.

एक आधीच सांगून टाकतो. ही मदत होती की हस्तक्षेप, या वादात शिरलात तर सहा महिने त्यातच जातील. आपल्याकडे म्हणतात ना, नाक दाबलं की तोंड उघडतं. मग या देशांचं नाक नेमकं कोणाच्या हातात होतं, त्यांना ते खरंच दाबायचं होतं का आणि तोंड उघडल्यावर बाहेर काय आलं, एवढं बघायचं.

इजिप्तपासून सुरू करतो, कारण सगळ्यांना आधी तेच सुचतं. कैरोतला तहरीर चौक, ११ फेब्रुवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष मुबारक सत्तेवरून गेले, टीव्हीवर आपण सगळ्यांनीच बघितलंय. अमेरिका इजिप्तच्या सैन्याला वर्षाला १.३ अब्ज डॉलर देते, म्हणजे कागदावर नाक अमेरिकेच्या मुठीत. आता पुढची गंमत बघा. डिसेंबर २०११ मध्ये कैरोत लोकशाहीसाठी काम करणाऱ्या परदेशी संस्थांच्या ऑफिसांवर धाडी पडल्या, ४३ जणांवर खटला भरला, त्यात अमेरिकेच्या तेव्हाच्या वाहतूक मंत्र्यांचा मुलगासुद्धा होता, आणि देश सोडायला बंदी. मार्चमध्ये अमेरिकन लोकांना जामिनावर विमानात बसवून बाहेर काढलं आणि त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटननी लोकशाहीच्या अटी बाजूला ठेवून ते १.३ अब्ज मोकळे केले! सैन्याने यातून काय धडा घेतला असेल ते वेगळं सांगायला नको.

मग ३ जुलै २०१३ ला सैन्याने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. अमेरिकन कायदा सांगतो की निवडून आलेलं सरकार सैन्याने उलथवलं तर मदत बंद, म्हणून ओबामा सरकारने याला बंड म्हणायचं की नाही हे ठरवायचंच नाही असं ठरवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. अमेरिकेचे विल्यम बर्न्स आणि युरोपियन युनियनचे बर्नार्दिनो लिऑन कैरोत तडजोडीसाठी धडपडत होते, ती फिसकटली, १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात मोर्सी समर्थकांच्या धरण्यावर कारवाई होऊन शेकडो माणसं मेली. तोपर्यंत सौदी, यूएई आणि कुवेतने मिळून १२ अब्ज डॉलर कबूल केले होते. म्हणजे इकडून नाक दाबायचं म्हटलं तरी तिकडून ऑक्सिजनची नळी लावलेली.

केस म्हणून इजिप्त चटपटीत आहे, पण उत्तर पहिल्या पानावरच कळतं, बाहेरच्यांना लोकशाहीपेक्षा सुएझ कालवा आणि इस्रायलसोबतचा करार जास्त प्यारा. उरलेली ८० पानं कशाने भरणार? शिवाय अरबी येत नसेल तर आतल्या माणसांचा आवाज सगळा सेकंडहँडच मिळतो.

ट्युनिशिया मला जास्त आवडतं, कारण इथे पारडं दोनदा फिरलंय. सुरुवात लाजिरवाणी आहे. जानेवारी २०११ मध्ये रस्त्यावर पोरं मरत असताना फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल आलिओ-मारी संसदेत म्हणाल्या की आमच्या पोलिसांचं कौशल्य ट्युनिशियाला देऊ. दोन-तीन दिवसांत, १४ तारखेला, ट्युनिशियाचे हुकूमशहा बेन अली सौदीला पळाले आणि फेब्रुवारीत बाईंनाही मंत्रिपद सोडावं लागलं. पुढे मात्र गाडी रुळावर आली. ऑक्टोबर २०११ ला घटना समितीची निवडणूक झाली, युरोपियन युनियनचे निरीक्षक आले, एन्नहदा या इस्लामी पक्षाला २१७ पैकी ८९ जागा मिळाल्या आणि त्यांना दोन सेक्युलर पक्षांना सोबत घ्यावं लागलं.

डेझर्टेशनचा खरा माल २०१३ मध्ये आहे. एका वर्षात दोन विरोधी नेत्यांचे खून झाले, फेब्रुवारीत शोकरी बेलाईद आणि जुलैत मोहम्मद ब्राहमी. त्याच महिन्यात इजिप्तमध्ये काय झालं ते बघून एन्नहदावाल्यांच्या पोटात गोळा आला. ऑगस्टमध्ये एन्नहदाचे राशिद घन्नूशी आणि विरोधकांचे बेजी कैद एसेब्सी, एक सत्तरी तर दुसरे ऐंशी ओलांडलेले, पॅरिसमध्ये गुपचूप भेटले. नंतर अल्जीरियाच्या अध्यक्षांनीही दोघांना वेगवेगळं बोलावून घेतलं (अल्जीरियाने लोकशाहीची शिकवणी घ्यायची म्हणजे जरा अतीच, पण शेजारी आग लागलेली कोणाला हवी असते). पण वाटाघाटी घडवल्या कोणी, तर कामगार संघटना यूजीटीटी, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना या चौघांनी. २०१५ चं शांततेचं नोबेल त्यांनाच मिळालं. बाहेरच्यांनी पैसे दिले, कर्जाची हमी दिली, युरोपातल्या घटनातज्ज्ञांच्या व्हेनिस कमिशनने घटनेच्या मसुद्यावर कलमवार शेरे दिले, हे सगळं उपयोगी पडलं, कारण घरात बोलणी करणारं कोणीतरी आधीच बसलेलं होतं. जानेवारी २०१४ मध्ये घटना मंजूर झाली.

आणि मग २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सैद यांनी संसद गोठवली, पुढे ती बरखास्त केली, २०२२ मध्ये स्वतःची घटना आणली, एप्रिल २०२३ मध्ये घन्नूशींना अटक झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६ जुलै २०२३ ला, युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन, इटलीच्या मेलोनी आणि नेदरलँड्सचे रुट्टे ट्युनिसला जाऊन करार करून आले. त्यात बोटीने येणारे स्थलांतरित रोखायला १० कोटी ५० लाख युरो होते. फोटोत सगळे हसतायत. वरून ऑक्टोबरमध्ये सैदनी ६ कोटी युरो परत पाठवले, तुमची भीक नको म्हणून! आता कोणी कोणाचं नाक दाबलंय? हाच प्रश्न घेऊन एक अख्खं प्रकरण निघतं.

इंडोनेशियाचं नाव आपल्याकडे या संदर्भात फारसं निघत नाही, खरं तर जगातली सगळ्यात मोठी मुस्लिम लोकसंख्या वर्षानुवर्षं तिथलीच मोजली जाते. तिथे नाक दाबलं ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि तेही लोकशाहीसाठी नाही, कर्जासाठी. जानेवारी १९९८ चा तो फोटो शोधून बघाच, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो खाली वाकून कागदावर सही करतायत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेसू हाताची घडी घालून वर उभे आहेत, हेडमास्तर उभे राहतात तसे. मे महिन्यात इंधनाचे भाव वाढवले, दंगली पेटल्या, विद्यार्थी संसदेत घुसून बसले आणि २१ मेला ३२ वर्षांची सत्ता सोडून सुहार्तो गेले. म्हणजे दाबलं एकासाठी आणि उघडलं भलतंच, तेही आतल्या विद्यार्थ्यांनी आणि सुहार्तोंच्याच साथ सोडणाऱ्या मंत्र्यांनी.

नंतरचं फार भराभर झालं. जून १९९९ ची निवडणूक, ४८ पक्ष, निरीक्षक म्हणून स्वतः जिमी कार्टर हजर. घटनेत चार टप्प्यांत दुरुस्त्या झाल्या, त्या इंडोनेशियाने स्वतःच केल्या. सैन्याच्या संसदेतल्या राखीव जागा १९९९ मध्ये ३८ वर आल्या आणि २००४ ला संपल्या. इथे सगळं गोडगोड नाहीये, इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरने सार्वमतात स्वातंत्र्य मागितल्यावर सैन्याच्या पाठिंब्यावरच्या टोळ्यांनी काय केलं ते वाचलंत तर जेवण जाणार नाही, आणि तिथे मात्र सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेने लष्करी संबंध थांबवल्यावर आणि कर्ज देणाऱ्यांनी डोळे वटारल्यावर काही दिवसांत सुहार्तोंनंतरचे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी आंतरराष्ट्रीय फौज येऊ दिली. म्हणजे दाबून उपयोग होतो कधीकधी, मागणी एकच आणि स्पष्ट असेल आणि दुसरी नळी कुठे लावलेली नसेल तेव्हा. आणि हो, आज तिथे अध्यक्ष प्राबोवो आहेत, सुहार्तोंचे एकेकाळचे जावई आणि माजी जनरल, तेव्हा शेवट गोड असं लिहून मोकळं व्हायची घाई करू नका.

भारताचा कोन गाइडना हवाच असतो. २००५ मध्ये यूएनचा डेमॉक्रसी फंड निघाला तेव्हा भारत आणि अमेरिकेने प्रत्येकी १ कोटी डॉलर दिले, प्रस्तावनेत एक परिच्छेद तेवढ्यावर निघतो, जास्त ताणू नका.

भाचीला मी काय सांगितलं? हातात चार महिने असतील तर ट्युनिशिया, फक्त २०१३ आणि २०२३ ही दोनच वर्षं समोरासमोर ठेव, युरोपियन युनियनचे कागद इंग्रजीत मिळतात. इजिप्त तुलनेपुरतं एका प्रकरणात टाक. वर्षभर असेल तर इंडोनेशिया, आणि तोही अख्खा नको, वेगळं व्हायला बंडखोर लढत होते तो एकटा आचे प्रांत घे. २००४ ची त्सुनामी, मग फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारींनी बंडखोर आणि सरकारला हेलसिंकीत एका टेबलावर बसवणं, आणि करार पाळला जातोय का बघायला युरोपियन युनियन आणि आसियानची माणसं एकत्र. १५ ऑगस्ट २००५ चा तो करार मोजून सात-आठ पानांचा आहे, स्थानिक पक्ष काढायची मुभा, शस्त्रं किती जमा करायची, सगळं आकड्यासकट. रविवारी दुपारी बसून आधी तेवढा वाचून काढ, मग गाइडकडे जा.