सोळाव्या वर्षी स्कूटरची चावी की मेट्रो?

शेजारच्या वहिनींचा लेक सोळाचा. घर कोथरूडला, क्लास डेक्कनला. "चावी देऊन टाकू का हो? सगळेच देतात," त्यांनी विचारलं.

वेळेत स्कूटर जिंकते, वाद नाही. मेट्रोने आयडियल कॉलनी ते डेक्कन जिमखाना मधे दोनच स्टेशनं, पण दोन्हीकडे चालणं आलं. खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल काय नि तिकीट काय, त्यावरून ठरवू नये.

खरा प्रश्न जबाबदारीचा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. वहिनींची स्कूटर 110 ची, तिला अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी: 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मुलालाही पंचविशीपर्यंत परवाना नाही. सुटायचं तर 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरती काळजी घेतली होती' हे सिद्ध करायचं. स्वतः चावी देणारी आई हे कुठल्या तोंडाने सांगणार? कायदा बाजूला ठेवला तरी, काय होऊ शकतं हे ठाऊक असून दिलेली चावी ती.

"हेल्मेट घालतो हो तो." घालू दे. त्याचं डोकं वाचेल, रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचं नाही.

अठरा पूर्ण, परवाना खिशात, तर स्कूटर खुशाल द्या. तोवर मेट्रो. क्लास रात्री उशिरा सुटत असेल, तर वहिनींनीच आणायला जावं. परवाना त्यांच्याकडे आहे.