बँडकॅम्प: वेंगुर्ल्यात बसून वापरतानाचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास बँडकॅम्पवर खातं उघडलं, आता आंबे संपत आलेत. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगते, नवीन इंडी संगीत (मोठ्या कंपन्यांशिवाय, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कलाकारांचं) शोधायचं ज्यांना वेड आहे त्यांनी हे वापरून बघाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही साइट. बँड किंवा एकटा कलाकार आपलं पान उघडतो, किंमत स्वतः ठरवतो आणि गाणी थेट ऐकणाऱ्याला विकतो. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट घेते, कॅसेट-टीशर्टवर १० टक्के. पैसे पाठवण्याचं शुल्क गेलं की उरलेले कलाकाराचे. काही अल्बमना 'तुम्हीच किंमत सांगा' अशी मुभा असते, तिथे शून्यही चालतं. मी शून्य कधी टाकत नाही. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत गाणं १००० वेळा वाजलं नाही तर त्याची रॉयल्टी नाही. घरच्या खोलीत बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला हा आकडा गाठणं सोपं नसतं. इथे माझ्या एका खरेदीतही त्याला काहीतरी मिळतं.

पण मी इथे रमले ती वेगळ्याच गोष्टीमुळे. प्रत्येक अल्बमच्या पानावर, मुखपृष्ठाच्या खाली, तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे छोटे चौकोनी फोटो असतात. काहींनी दोन ओळी लिहिलेल्या असतात, आवडतं गाणं सांगितलेलं असतं. त्या फोटोवर बोट ठेवलं की त्या माणसाने आजवर घेतलेलं सगळं संगीत समोर उघडतं. एका पोर्तुगीज गिटारवाल्याच्या अल्बमखाली जपानमधल्या एका श्रोत्याने लिहिलं होतं की चौथं गाणं हेडफोन लावूनच ऐका. ऐकलं, तर गिटारच्या मागे अगदी बारीक पावसाचा आवाज होता. मग त्या श्रोत्याचा संग्रह उघडला. गिटारच्या शेजारी इंडोनेशियाचं गॅमेलान (घंटा-झांजांसारख्या धातूच्या वाद्यांचा ताफा), त्याच्या शेजारी नुसत्या हार्मोनियमचा लांबलचक एकच सूर, आणि मध्येच नॉर्वेचा कुठला तरी गोंगाट करणारा बँड. ही निवड यंत्राने केलेली नाही. एका माणसाने पदरचे पैसे घालून, एकेक करून जमवलेली आहे, आणि ते ऐकताना जाणवतं. मला न आवडणारंही त्यात पुष्कळ असतं, तरी त्याचा कान चांगला आहे एवढा भरवसा बसलाय. आता नवीन काही ऐकायचं तर मी आधी त्याच्याकडे डोकावते, मग त्याच्यासारख्या आणखी चार-पाच जणांकडे. रात्री जेवणं आटोपल्यावर या साखळीत शिरले की वेळेचं भान राहत नाही.

शहराच्या नावानेही शोधता येतं. पुणे टाकलं तर पुण्याचे, लिस्बन टाकलं तर लिस्बनचे. साइटचं 'बँडकॅम्प डेली' हे लेखांचं सदर आहे, तेही चांगलं असतं, पण मी रोज वाचत नाही.

शुक्रवारचं सांगायलाच हवं. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करायची पद्धत पडली. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचं काही नवीन आलं की मेल येतो, म्हणून शुक्रवारी माझा इनबॉक्स भरलेला असतो. त्यातले काही शुक्रवार 'बँडकॅम्प फ्रायडे'. कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा, २० मार्च २०२० ला, हे पहिल्यांदा झालं. अशा प्रत्येक शुक्रवारी साइट आपला वाटा सोडते. दिवस मोजतात कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू (त्यांच्या हिवाळ्यात दीडला) आणि शनिवारी त्याच वेळेला बंद. मी महिनाभर विशलिस्ट भरते आणि असा शुक्रवार आला की जेवणाच्या सुट्टीत खरेदी करते.

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गरांची प्रतवारी करताना टेबलावर स्पीकर असतो, त्यामुळे माझ्या बऱ्याच शोधांचे पहिले श्रोते म्हणजे कारखान्यातल्या बायका. एकदा माली देशातल्या एका ढोलवादकाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. आमच्या काकी हातातला गर तसाच धरून म्हणाल्या, "ह्यो पखवाज न्हय मा गो?" पखवाज नव्हता, पण डाव्या बाजूची घुमारी त्यांनी बरोबर पकडली होती. डबलबारी भजनं (दोन बुवांचा सामना) रात्र-रात्र ऐकलेला कान आहे तो. दुसऱ्या दिवशी येता येताच, "कालचा ता लाव गो." इंडी संगीत शहरातल्या पोरांचंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या टेबलापाशी येऊन बसावं.

विकत घेतलेलं डाउनलोड करता येतं, हे कोकणात फार मोलाचं आहे. पावसात वारा सुटला की वीज जाते, पाठोपाठ टॉवर जातो. कुडाळहून रेल्वेने मुंबईला निघालं की रत्नागिरीच्या पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, तिथे कुठलंच स्ट्रीमिंग चालत नाही. फोनमध्ये फाइल असली की अल्बम अखंड वाजतो. चाळीस मिनिटांचा अल्बम ३२० च्या (म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या) एमपीथ्रीत १०० एमबीच्या आत बसतो, फ्लॅकमध्ये (मूळ आवाजाचा दर्जा न घटवणारी मोठी फाइल) साधारण २५० ते ३०० एमबी. मी फोनसाठी एमपीथ्री घेते, फ्लॅक हार्ड डिस्कवर. डिस्कवर ठेवायला आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये ही कंपनी एपिक गेम्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीताचे परवाने विकणाऱ्या कंपनीला विकली, आणि तेव्हा जवळपास निम्मे कर्मचारी कमी झाले. मालक बदलत राहतात, आपल्या फाइली आपल्याकडे असाव्यात.

पैसे देताना तयारी लागते. यूपीआय नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आपल्यालाच चालू करावे लागतात, तो रिझर्व्ह बँकेचा नियम. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण सापडायला एक संध्याकाळ गेली. परदेशातून कॅसेट मागवायचा मोह होतो, पण टपालखर्च कॅसेटपेक्षा जास्त. डिजिटलच घ्या.

मोठी अडचण आपल्याच बँडची. कलाकारांचे पैसे पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेतून जातात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलं. त्यामुळे भारतीय श्रोत्याने भारतीय बँडचं गाणं इथे विकत घेणं अडतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. पुण्याचे इझी वॉन्डरलिंग्ज, दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, वारली कलाकार प्रकाश भोईरांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी रॅप करणारे मुंबईचे स्वदेसी, ही माझी आवडती मंडळी. त्यांच्यासाठी मी सरळ वाट धरली आहे: जे बँड स्वतः टीशर्ट विकतात त्यांचा टीशर्ट घ्यायचा आणि कार्यक्रम असला तर तिकीट काढून जायचं. वेंगुर्ल्याहून म्हापसा-पणजी जवळच आहे, कार्यक्रम उशिरा सुटला तरी सकाळच्या पाळीला कारखान्यात हजर राहता येतं.