घरात एआर आहे, दुसरी रायफल कोणती? .३०० ब्लॅकआउट की ७.६२×३९

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात हरणाच्या शिकारीला .२३ इंचापेक्षा लहान कॅलिबरची (म्हणजे गोळीच्या व्यासाची) रायफल चालत नाही. त्यामुळे घरात .२२३ ची एआर (एआर-१५ प्रकारची अर्ध-स्वयंचलित रायफल) असली तरी दुसऱ्या कॅलिबरचा विचार करावा लागतो आणि दुकानदार बहुधा .३०० ब्लॅकआउट आणि ७.६२×३९ ही दोन नावं पुढे करतो. जंगलातल्या जवळच्या अंतरावर दोन्हींत फार फरक नाही. सव्वाशे ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची गोळी, वेग सेकंदाला साधारण २२०० ते २३५० फूट. म्हणून मी आधी वेगळंच बघतो: नव्या रायफलीचं काडतूस चुकून घरातल्या .२२३ मध्ये गेलं, किंवा उलट झालं, तर काय होईल?

ब्लॅकआउटची खरी भीती इथेच आहे. हे काडतूस .२२३ ची केस (काडतुसाचं धातूचं कवच) आखूड करून बनवलंय, ४४.७ मिमीऐवजी ३४.७ मिमी. बूड तेच, त्यामुळे बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) तोच, मॅगझिनही (काडतुसांची पेटी) तेच. म्हणूनच ते लोकप्रिय झालं, कारण फक्त नळी बदलली की काम झालं. पण याच सोयीमुळे ब्लॅकआउटची भरलेली मॅगझिन .२२३ मध्ये विनातक्रार बसते. हलकी, आखूड गोळी असेल तर बोल्टच्या धक्क्याने ती केसमध्ये मागे दबते आणि बोल्ट बंदही होतो. चाप ओढला की ७.८ मिमीची गोळी ५.७ मिमीच्या नळीच्या तोंडाशी अडकते. वायूला पुढे वाट नसते. केस फुटते, रिसीव्हर (रायफलीचा मधला सांगाडा) फाटतो, मॅगझिन खाली उडते, तुकडे हाताला आणि डोळ्यांना लागतात. उलट चूक झाली, तर .२२३ चं लांब काडतूस ब्लॅकआउटच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) पूर्ण जातच नाही.

७.६२×३९ चं बूड जाड, ११.३ मिमीचं; .२२३ चं ९.६. ते .२२३ च्या बोल्टच्या तोंडात बसतच नाही, आणि मॅगझिनचा बाक तर लांबूनही ओळखू येतो. त्याचे दोष वेगळे आहेत. एआरमध्ये घेतली तर बोल्टच्या कडा पातळ होतात, कडक प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) कधी कधी पेटत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर बंधन घातल्यापासून स्वस्ताईचा मुद्दाही लंगडा झालाय.

सप्रेसर (आवाज कमी करणारं, नळीच्या तोंडावरचं उपकरण) लावून २२० ग्रेनची, आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी वापरायची असेल तर ब्लॅकआउटला तोड नाही. फक्त हरणासाठी मात्र मी ७.६२×३९ ची बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची रायफल) घेईन, विशेषतः घरात दोघं-तिघं नेमबाज असतील तर.

तरी ब्लॅकआउटच हवी असेल, तर तिच्या मॅगझिन वेगळ्या रंगाच्या घ्या, दोन्ही रायफली एकाच दिवशी रेंजवर नेऊ नका आणि भरताना प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा ठसा वाचा. एआरचा बोल्ट पूर्ण बंद झाला नाही, तर फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणावर) थाप मारू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे ओढून आतलं काडतूस हातात घेऊन बघा.