वीस लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह: गोव्यात घ्या, पण नॉबचा

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सवलती लागल्या की म्हापसा-मडगावच्या दुकानांत विक्रेता आधी कन्व्हेक्शन, म्हणजे भाजण्याची सोय असलेले मॉडेल पुढे करतो. घरात केक भाजणारे कोणी नसेल तर तिकडे बघूच नका. भात, हुमण (नारळाच्या रसातले माशांचे कालवण), दूध, कालची भाजी गरम करायला २० लिटरचा, ७०० वॉटचा, दोन नॉबचा साधा सोलो, म्हणजे फक्त लहरींवर चालणारा, पुरतो. काचेची ताटली जेमतेम २५ सेंटीमीटरची, त्यामुळे मोठा टोप आत जात नाही; चौघांच्या घराला बेताचा, पण पुरेसा.

नॉबच का, तर टच पॅनेलला दमट हवा मानवत नाही. पावसाळ्यात ओलावा आत शिरला की बटणे दाद देईनाशी होतात आणि बहुतेक वेळा अख्खे पॅनेल बदलावे लागते. नॉबच्या टायमरच्या मात्र दोन खोडी आहेत. दोन मिनिटांखालची वेळ हवी असेल तर नॉब आधी दोनच्या पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर तो नीट पकडत नाही. आणि वेळ संपायच्या आत पदार्थ बाहेर काढून दार लावले की बऱ्याच मॉडेलांत यंत्र पुन्हा सुरू होते, तेही रिकामे. आत लहरी शोषायला काहीच नसले की त्या उलट मॅग्नेट्रॉनवर (लहरी तयार करणाऱ्या भागावर) परततात आणि तो तापून मरतो. म्हणून ताटली उचललीत की नॉब शून्यावर आणायची सवय लावा.

खोक्यावरचे ७०० वॉट हे पदार्थापर्यंत पोचणारे. भिंतीतून यंत्र साधारण ११०० ते १२०० वॉट ओढते, म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आसपास. सहा अँपिअरच्या सॉकेटवर हे काठावरचे काम, त्यात शेजारी मिक्सर असला तर पिना काळ्या पडतात. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट द्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. जुन्या घरांत जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो आणि तिसरी पिन नावापुरती उरते. यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेच कारण समजा आणि दुरुस्त होईपर्यंत वापर बंद.

जागा ओट्याच्या कोरड्या टोकाला, गॅसपासून लांब. फोडणीची तेलकट वाफ पंख्यातून आत ओढली जाते. वर २० सेंटीमीटर, मागे १० आणि बाजूंना किमान ५ सेंटीमीटर मोकळे ठेवा. तुमच्या पुस्तिकेत जास्त सांगितले असेल तर तेवढे. वर क्रोशाचा रुमाल टाकून झडपा झाकणे हा आपल्याकडचा हमखास उद्योग, तो टाळा. बसवताना पॅकिंगची सगळी फिल्म काढायची, पण आतल्या उजव्या भिंतीवरचा फिकट तपकिरी अभ्रकाचा पत्रा पॅकिंग समजून उपटायचा नाही. लहरींच्या वाटेवरचे ते झाकण आहे. त्यावर रश्शाचे शिंतोडे करपले की ठिणग्या उडतात. तसे झाले तर पत्रा बदला, तो महाग नसतो.

ताकद खरी आहे का हे पहिल्याच दिवशी बघा. एक लिटर नळाचे पाणी मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात घेऊन तापमान मोजा, हायवर एक मिनिट ठेवा (वेळ मोबाइलवर बघा, नॉबवर नको), ढवळून पुन्हा मोजा. सुमारे १० अंश चढले तर ७०० वॉट खरे. पाच-सहाच चढले तर आधी व्होल्टेज तपासा. संध्याकाळी दाब पडणाऱ्या वाड्यांवर दोष बहुधा तिथेच निघतो.

आता जेवणाकडे. फ्रीजमधले २०० मिलिलिटर हुमण झाकण अर्धवट ठेवून मीडियमवर तीन मिनिटे, मध्ये एकदा ढवळून. हायवर लावले तर कडा उकळतात, मधला भाग गार राहतो, नारळाचा रस फुटतो आणि बांगड्याची कातडी फटकन उडते. मीडियम म्हणजे लहरी मंद होत नाहीत. मॅग्नेट्रॉन थांबून-थांबून चालतो, आणि त्या थांब्यांत उष्णता आत मुरते. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव ओलसर कागदी रुमालात दहा-बारा सेकंद, त्याहून जास्त नाही. पुढे तो चामट होतो. उंड्याची (गोल, कडक सालीच्या पावाची) साल मायक्रोवेव्हमध्ये जातेच, त्याला तवाच बरा. सान्नांवर (वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांवर) पाणी शिंपडून झाकून अर्धा मिनिट, अगदी मऊ येतात. इथे या यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

मेलामाइनच्या ताटल्या, सोनेरी काठाचे कप, पार्सलचे ॲल्युमिनियमचे डबे आत नकोत. कवचासकट अंडे तर नाहीच. ते बाहेर काढल्यावरही फुटते. गुळगुळीत कपात नुसते पाणी उकळवले तर ते बुडबुडा न येता १०० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि चहापूड पडताच उसळून हात भाजते. आधीच लाकडी चमचा त्यात ठेवा. आत काही पेटले तर दार उघडू नका, भिंतीवरचे बटण बंद करा आणि आग आपोआप विझू द्या.

दारातून लहरी येतात का म्हणून आत मोबाइल ठेवून वाजवून बघणारे असतात. त्याने काही सिद्ध होत नाही. फोनला अत्यंत क्षीण सिग्नलही पुरतो. दाराची कडी सैल, बिजागरी वाकलेली किंवा काच तडकलेली असेल तर मात्र एक मिनिटही चालवू नका.

किनाऱ्याजवळच्या घरांत खरा शत्रू खारी हवा. ताटलीखालच्या चाकांच्या वाटेवर रंगाचा पोपडा निघतो आणि तिथून गंज धरतो. आठवड्यातून एकदा वाटीभर पाण्यात दोन चमचे माडाचा शिरका घालून तीन मिनिटे उकळवा, पाच मिनिटे दार बंद ठेवा, मग पुसून कोरडे करा. मासळीचा वासही जातो. मुंग्या झडपांतून आत शिरतात म्हणून आत फवारा मारू नका, यंत्राच्या पायांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढा. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा. दुरुस्तीसाठी बाहेरचे कव्हर मात्र स्वतः उघडू नका: आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. वॉरंटी कार्डावर मॅग्नेट्रॉनची मुदत बहुधा वेगळी लिहिलेली असते. ती घेतानाच वाचून बिलाला टाचून ठेवा.