दिवाळी ते आषाढ: रबरी बँड आणि गोगाबाबा टेकडी

जिममध्ये वजन उतरवून झालं, दमही वाढला. त्यापुढे मला शरीरसौष्ठवात काही कमवायचं नव्हतं. आहे ते राहावं, एवढंच. म्हणून दिवाळीनंतर जिमची फी बंद केली आणि सहाशेच्या आसपास ताणून व्यायाम करायच्या पाच रबरी बँडचा सेट घेतला. आता आषाढ लागलाय, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही.

नांदेडचे मामा विचारतात, "बारीक तर झालास, आता कशाला जीव काढलालास?" त्यांना सांगायचं ते असं, की कसलेल्या खेळाडूंचाही दम व्यायाम पूर्ण थांबल्यावर तीनेक आठवड्यांत घसरायला लागतो. टिकवायला मात्र कमवण्याइतके कष्ट पडत नाहीत. अमेरिकेत संशोधक हिक्सन यांनी १९८१ साली दाखवलं, की आठवड्याचे सहा दिवस ४० मिनिटं कसून व्यायाम करणाऱ्यांनी तो चार किंवा दोन दिवसांवर आणला, तरी पुढचे १५ आठवडे त्यांचा दम जवळपास तेवढाच राहिला. नंतरच्या प्रयोगांत वेळ घटवला तरी निभावलं. व्यायामाचा जोर घटवला तेव्हा मात्र घसरण झाली.

माझा सगळा क्रम यावरच बेतलाय. मंगळवार-शुक्रवार बँड: बैठका, जोर, पाठीसाठी ओढणं, खांदे. शेवटच्या दोन-तीन वेळा हात थरथरले पाहिजेत, नाहीतर जाड बँड घ्यायचा. बुधवारी आणि रविवारी आमच्या छत्रपती संभाजीनगरातली विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी, तीही गप्पा मारता येणार नाहीत अशा वेगाने. वरून एकीकडे बीबी का मकबरा, दुसरीकडे देवगिरी किल्ला. दम खायला यापेक्षा चांगलं निमित्त नको. उरलेले दिवस नुसतं चालणं. निकाल? पँटी त्याच, चढायला लागणारा वेळ तोच. वजन लग्नसराईत किलोभर वर गेलं आणि उतरलं.

आता बँडबद्दल. सुरुवातीला हलका आणि ताणत गेलं की जड, त्यामुळे पायांना पूर्ण जोर बसत नाही; बैठका मी एका पायावर करतो. किती किलो ओढलं ते नेमकं कळत नाही. आणि आपला उन्हाळा रबराला सोसत नाही. वैशाखात सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन पातळ बँड चिकट झाले, एकाला बारीक चिरा पडल्या. टाल्कम पावडर लावली की चिकटपणा कमी होतो, चिरांना इलाज नाही. ताणलेला बँड तुटून डोळ्यावर बसू शकतो, म्हणून रोज हातात घेतल्यावर आधी बघून घ्यायचा.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी कापडी आवरणाचे घ्यावेत, थोडे महाग पडले तरी. उन्हाळ्यात टेकडीवर साडेपाचला पोचलं तरच जमतं; सातनंतर दगड तापतात. ज्यांना पुल-अप येतात त्यांना पाठीसाठी हा सेट पुरणार नाही, मी मैदानावरच्या दांडीला लटकून येतो. दारात अडकवायचा पट्टा सोबत येतो, तो चांगलाय. फक्त दार आपल्याकडे ओढून उघडणारं असेल तर तिथे अडकवू नका. दोन पातळ बँड दिवाळीला बदलीन, जाड काळा अजून नव्यासारखा आहे.